पिवळं कार्ड

दार लावून घ्या. मोबाईल बंद करून बाकावर पालथे ठेवा. मागच्या दोन रांगांनी पुढे सरकायचं. आज मला प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. वह्या काढू नका. रेप्लिकेशनचा पाठ उद्या होईल, उद्या नाही झाला तर रविवारी बोलावीन.

परवा मधल्या सुट्टीत या वर्गात एक कार्ड हातोहात फिरलं. पिवळं, सरकारी, तळहाताएवढं. ते तुमच्याच वर्गातल्या एका मुलीचं होतं. दप्तरातून पडलं की कुणी काढलं, याची चौकशी मी करणार नाही. शेवटच्या बाकावरून निघालं आणि पहिल्या बाकापर्यंत आलं, एवढं मला कळलं आहे. वाटेत इतक्या हातांतून गेलं, पण ते मिटून गुपचूप तिच्या वहीत ठेवावं असं एकाही हाताला वाटलं नाही. मग कुणीतरी हाक मारली, "ए पिवळं कार्ड!" दिवसभर तेच नाव चाललं. तिच्या बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडे बसल्या. आणि एक जण म्हणाला, "हे त्यांच्यातच असतं."

ती आज आलेली नाही. काल संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन आले. तिला विचारून आणि तिच्या आईला विचारून आज बोलते आहे. तिची एकच अट आहे. वर्गासमोर उभं राहून तिची माफी कुणी मागायची नाही. पुन्हा सगळ्यांच्या नजरा आपल्यावर येतील, याची तिला भीती वाटते. ती अट पाळली गेली पाहिजे.

गेल्या चाचणीत मी सिकलसेलवर प्रश्न टाकला होता. बहुतेकांनी बरोबर लिहिला. बीटा साखळी, सहावी जागा, ग्लुटामिक अ‍ॅसिड जाऊन व्हॅलिन येतं, जीएजीचं जीटीजी होतं. एकाने तर आकृतीही काढली होती, विळ्यासारखी पेशी, बाण, नावं, सगळं नीट. त्याच्या पेपरवर मी स्वतः लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. परवा ते कार्ड फिरवणाऱ्या हातांत त्याचाही हात होता. तो 'उत्तम' मी आज मागे घेते. गुण तसेच राहतील, शब्द मागे घेते.

तुम्हाला सहावी जागा पाठ आहे. वाहक म्हणजे काय, हे पाठ नाही. ते पुन्हा सांगते, आणि या वेळी पेपरासाठी ऐकू नका. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार. त्याला तुमच्या गावात एसएस पॅटर्न म्हणतात आणि आरोग्य खातं लाल कार्ड देतं. एकच प्रत बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक, त्याला पिवळं कार्ड. वाहकाच्या शरीरात दुसरी प्रत चांगलं हिमोग्लोबिन भरपूर तयार करत असते. तो माणूस शेतात राबतो, धावतो, पोहतो, म्हातारा होतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही. तुमची मैत्रीण आजारी नाही. ती कधी आजारी नव्हती. जिला तुम्ही रोगी ठरवून बाक सोडला, ती गेल्या वर्षी तालुक्याला कबड्डी खेळून आली.

आणि तिला लाल कार्ड असतं तरी? बाक सोडायला काय कारण होतं? ही लागण होणारी गोष्ट आहे का? जंतू कुठला, वहन कशाने, शिरकाव कुठून? 'संसर्गजन्य' आणि 'आनुवंशिक' यांतला फरक तुम्ही नववीपासून लिहीत आलात. दोन रकाने आखून लिहिलात, मोजपट्टीने रेघ मारून. आणि शेजारी बसलेल्या मुलीच्या बाबतीत तो फरक दोन मिनिटंही टिकला नाही.

आता "त्यांच्यातच असतं" याकडे येते. हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. परवाच्या सगळ्या प्रकारात अज्ञान होतं, टवाळी होती, पण या वाक्यात जात होती. ती मी या वर्गात चालू देणार नाही.

बदललेलं जनुक एवढ्या लोकांत टिकलं कसं, हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत. पेपरात येत नाही म्हणून विचारला नाहीत. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत याचं उत्तर शोधलं. जिथे मलेरिया दाट, तिथे हे जनुक दाट. ज्या मुलाकडे याची एकच प्रत असते, ते जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मलेरियाच्या मुलखात हजारो वर्षं ज्या पोरांनी तग धरला, त्यांत या एका प्रतीने जगवलेली पुष्कळ होती. आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. वैनगंगेपलीकडचं जंगल, गडचिरोली, तिकडे सातपुड्यात अक्कलकुवा आणि धडगाव. राज्यात आजही मलेरियाचा जोर कुठे असतो, ते तुम्हाला माहीत आहे. जंगलात, धानाच्या पाण्यात, डासांत कोण राहिलं? ज्यांना बाकी कुठे जमीन मिळाली नाही, ते राहिले. त्यांच्या रक्तात त्या जगण्याची खूण उरली. तिला तुम्ही कलंक म्हणता.

आणि ती खूण फक्त त्यांच्यातच असते, हे साफ खोटं आहे. ग्रीसमध्ये कोपाइस नावाचं मोठं तळं होतं, भोवती मलेरिया होता, तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांत सिकलसेल आहे. सिसिलीत आहे, तुर्कस्तानात आहे. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात जो सिकलसेल आढळतो, तो आणि आपल्याकडचा हे जनुकांच्या खुणांवरून एकाच घराण्यातले ठरतात. भारतात 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्या विदर्भात आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीय म्हणवणाऱ्या समाजांतही आहे. बोलणाऱ्याने स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं का? नव्हतं. रक्ततपासणीच्या शिबिराच्या दिवशी तो आलाच नव्हता, हे मला हजेरीवरून दिसतं आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. का घेत नाही, ते पुढे कळेल.

एका जातीत एखादं जनुक का साचतं, याचं कारणही ऐकून ठेवा. 1916 साली पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात एक निबंध वाचला. जातीचा गाभा आपापसातच लग्न करण्यात आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. तो समाजशास्त्राचा निबंध होता. पण मला त्यात जीवशास्त्र दिसतं. मोजक्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहिली, तर अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती एका बाळात येण्याची शक्यता वाढते. म्हणजे जातीची भिंत तुम्ही उभी ठेवायची, तिच्याआत जनुक साचू द्यायचं, आणि मग भिंतीपलीकडे बोट दाखवून "त्यांच्यातच असतं" म्हणायचं. भिंत कुणी बांधली? ती आदिवासींनी बांधली का?

तुम्ही म्हणाल, चूक झाली, आम्ही लहान आहोत. वयाने लहान असाल, पण चूक लहान नाही. तुमच्याहून फार मोठ्या माणसाने हीच चूक केली होती. त्याची गोष्ट सांगते, कारण हुशारी माणसाला यातून वाचवत नाही हे तुम्हाला कळायला हवं.

1904 साली शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. काळा, परदेशी, थंडीने हैराण, खोकला आणि अशक्तपणा. तोही विद्यार्थीच होता, हे लक्षात घ्या. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्यावर लेख लिहिला. लेखात नोएलचं नाव नव्हतं. त्या लेखाने हेरिक वैद्यकाच्या इतिहासात गेले. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, लोकांचे दात तपासत राहिला आणि 1916 साली न्यूमोनियाने वारला. बत्तीस वर्षांचा होता.

पुढे 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा आजार एका रेणूतल्या बदलाचा आहे. रेणूपर्यंत माग काढलेला हा पहिला आजार. विद्युत क्षेत्रात दोन हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या गतीने सरकतात, हे प्रयोगशाळेत दाखवलं ते हार्वी इटानो या तरुण डॉक्टरने. तुमच्या शिबिरातल्या नमुन्यांची खात्री करून घेतात ती इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी त्याच तत्त्वावर चालते. हा इटानो अमेरिकेत जन्मलेला, पण जपानी वंशाचा. 1942 साली बर्कलेच्या विद्यापीठात तो पहिला आला, आणि त्याच वर्षी सरकारने त्याला कुटुंबासकट तारेच्या कुंपणाआडच्या छावणीत टाकलं. त्याचा गुन्हा एकच होता, त्याचं रक्त जपानी होतं. वैद्यकीय शिक्षणासाठी छावणीतून सुटका झाली तेव्हा कुठे तो डॉक्टर झाला.

असा सहकारी ज्यांच्या प्रयोगशाळेत होता, त्या पॉलिंग यांनी 1968 साली काय लिहिलं? सिकलसेलच्या वाहक तरुणांच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल पारितोषिकं मिळालेला माणूस, त्यातलं एक शांततेचं. त्यांचा हेतू आजारी मुलं जन्माला येऊ नयेत हाच होता, यात मला शंका नाही. पण माणसाच्या कपाळावर गोंदणं म्हणजे काय, हे त्यांना दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रेणू होता, आणि रेणूभोवतीचा माणूस, त्या माणसाभोवतीचा काळ्यांचा तिरस्कार करणारा समाज नजरेआड राहिला. पुढे त्या देशात काही राज्यांनी सक्तीच्या तपासण्या केल्या. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाही कळला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना 1981पर्यंत बंद होतं.

पॉलिंग यांनी ते कागदावर लिहिलं. तुम्ही परवा ते करून दाखवलंत. "ए पिवळं कार्ड" म्हणून हाक मारलीत, तेव्हा तुम्ही तिच्या कपाळावर गोंदलंत. कार्ड तिच्या दप्तरात होतं, तोपर्यंत ती तिच्या आरोग्याची माहिती होती. कुणाला सांगायची, कधी सांगायची, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. तो तुम्ही हिसकावलात. म्हणून मी आज एकाही मुलाचं नाव घेत नाही. एका मुलीला चव्हाट्यावर आणलं म्हणून दुसऱ्या मुलाला चव्हाट्यावर आणायचं, हे मला करायचं नाही.

मुलींनो, तुम्ही खाली बघू नका. बाक तुम्हीच सोडलात. काल तिच्या घरी तिच्या आईने मला काय विचारलं, ते तुम्ही ऐका. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "मॅडम, हे माझ्यामुळंच झालं ना जी?" घरातल्या मोठ्यांनी तिला तसं सांगितलं आहे. मी विचारलं, "तुझी तपासणी झाली का?" नाही. "नवऱ्याची?" तीही नाही. पण दोष ठरून गेला आहे. मूल वाहक आहे याचा अर्थ आईबापांपैकी निदान एक जण वाहक किंवा रुग्ण आहे. कोण, हे रक्त पाहिल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्या बाईने वीस वर्षं मोलमजुरी करून मुलीला विज्ञान शाखेत घातलं, आणि त्याच विज्ञानाची चिठ्ठी घरात आली ती तिच्या डोक्यावर आरोप म्हणून.

हेच उद्या लग्नात होणार. मुलीचं कार्ड पिवळं निघालं की सोयरीक मोडते. मुलाचं कार्ड कुणी मागतच नाही. पनेटचा चौकोन तुम्ही सगळ्यांनी शंभर वेळा काढला आहे, तोंडी सांगा. एएस आणि एए यांच्या पोटी एसएस मूल होईल का? होणार नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी, आजारी होण्याची शून्य. दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात आजाराची शक्यता 25 टक्के. दर बाळंतपणात, हे नीट ऐका. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. गावोगाव हीच गफलत होते. म्हणजे प्रश्न दोघांच्या कार्डांचा आहे. एकट्या मुलीचं कार्ड बघून सोयरीक मोडणाऱ्याला ना जीवशास्त्र कळलं, ना माणुसकी. आणि तुमच्या घरी हे घडेल तेव्हा तो चौकोन वहीतून बाहेर काढून आजीसमोर मांडण्याची हिंमत तुमच्यात हवी. ते मला बोर्डाच्या निकालाहून मोठं वाटतं.

दुसरं. शिबिराच्या दिवशी आरोग्य कार्यकर्त्या आशाताई आल्या होत्या. त्यांनी 'हिमोग्लोबिन'चा उच्चार चुकवला, तेव्हा मागून हसू आलं. मी ते ऐकलं होतं, आणि त्याच वेळी थांबवायला हवं होतं. नमुन्यांचा डबा घेऊन त्या आधीच्या दोन गावांतून पायी आल्या होत्या.

अशा बायका काय करू शकतात, ते ऐका. आपल्याच गडचिरोलीत 1990च्या दशकात अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने एक प्रयोग केला. 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कशावरून ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं, बाळ उबेत कसं ठेवायचं. मोठे डॉक्टर म्हणायचे, अडाणी बायकांच्या हाती सुई देणार? तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. पुढे देशभरातल्या आशा घरोघर जाऊन बाळं तपासू लागल्या, त्यामागे या बायकांनी केलेलं काम आहे. त्यांचेही उच्चार चुकत असतील. बाळं वाचली. ज्यांच्या उच्चाराला तुम्ही हसलात, त्या आशाताईंच्या वहीत सहा गावांतल्या लाल कार्डवाल्या मुलांची नावं आहेत, कुणाच्या गोळ्या कधी संपतात ते आहे. तुमच्या कुठल्याही गाईडमध्ये ते नाही.

माझ्याकडे बोट वळवा, वळवायलाच हवं. बारा वर्षांपूर्वी याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. तासाला दोन-दोनदा हात वर करायचा, "मॅडम, लघवीला जाऊ?" मला राग यायचा. टंगळमंगळ करतो, असं मला वाटायचं. एक दिवस मी सगळ्यांसमोर सांगितलं, तास संपेपर्यंत उठायचं नाही. त्याने मुकाट्याने पाणी पिणंच सोडून दिलं. डिसेंबरची थंडी होती. चार-पाच दिवसांनी प्रयोगशाळेत मांडी धरून तो खाली बसला आणि ओरडायला लागला. लाल कार्ड होतं त्याचं. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर काय होतं ते त्याने शाळेत पाहिलं होतं.

मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात ऑक्सिजन फार कमी असतो. तिथे या पेशी आधी वाकतात, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, आणि लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची ताकद हळूहळू जाते. म्हणून अशा मुलाला पाणी जास्त लागतं आणि उठावंही जास्त लागतं. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळे एकमेकांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही. त्या वेदनेला 'क्रायसिस' म्हणतात. मी मूत्रपिंडाचा धडा अकरावीला शिकवत होते आणि सिकलसेल बारावीला. ते दोन धडे माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. त्या मुलाची प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली. मी दवाखान्यात गेले, तर त्याची आई माझ्या पाया पडायला आली, मॅडम स्वतः भेटायला आल्या म्हणून. मी तिला काय सांगणार होते? ती लाज मी अजून बाळगून आहे. या वर्गात लघवीला जायची परवानगी मागावी लागत नाही, पाण्याची बाटली बाकावर ठेवू देते आणि थंडीत खिडक्या लावून घेते, ते तेव्हापासून. आज सकाळी स्टाफरूममध्येही हे बोलून आले आहे. उशिरा येणाऱ्या मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, त्यांत उद्या कुणी लाल कार्डवाला असेल तर जबाबदार कोण, असं विचारून आले आहे.

तुमच्यातल्या निम्म्यांना डॉक्टर व्हायचं आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले 360 जीवशास्त्राचे. मी तुम्हाला ते मिळवून देईन, त्यासाठी रात्री नऊपर्यंत बसते. पण ते मिळवून तुम्ही वॉर्डात जाल, तेव्हा पहाटे तीन वाजता एखाद्या मुलाला क्रायसिस घेऊन त्याचा बाप येईल. सूज दिसणार नाही, जखम दिसणार नाही, एक्स-रे बहुधा साफ येईल. मुलगा तळमळत असेल. तेव्हा तुम्ही म्हणाल, नाटक करतो, सुईची सवय लागली आहे याला. डॉक्टरांनी असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. ते डॉक्टर मूर्ख नव्हते, भरपूर गुण मिळवून आले होते. समोरच्या माणसाच्या दुखण्यावर विश्वास ठेवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकण्याची जागा हीच, हे बाक. परवा तुम्ही इथे उलटं शिकलात.

आणि ज्याने म्हटलं की "आता तिला दिव्यांगांमधूनही सीट मिळेल," त्याच्यासाठी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, हे खरं. तो आजार असलेल्यांसाठी आहे, वाहकांसाठी नाही. आणि आजार असलेल्यालाही राखीव जागेसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तुला कायदाही माहीत नव्हता आणि आजारही माहीत नव्हता. माहीत होती फक्त असूया. ज्या मुलाची प्लीहा शाळेच्या वयातच निकामी होते, ज्याच्या खुब्याचं हाड विशीत झिजतं, महिन्यातले आठ दिवस ज्याचे खाटेवर जातात, त्याच्या जागेचा हेवा करताना आधी त्याच्या हाडांतली कळ मागून घे.

आता उपचाराचं. 2023च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यांतल्या एका जनुकाचं काम थोपवून, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं. विज्ञान म्हणून अद्भुत आहे, तो पाठ मी तुम्हाला खुशीने शिकवीन. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे 22 लाख डॉलर ठरली. आपल्या गावातल्या मुलाला सध्या लागते ती हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल, फोलिक अ‍ॅसिडची गोळी, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, आणि पाण्याची बाटली. तीही दर महिन्याला मिळत नाहीत. गोळ्या संपतात, एसटी चुकते, बापाची मजुरी बुडते. आता मला सांगा, या आजाराचं कारण लिहा असा प्रश्न आला तर तुम्ही फक्त जीएजी आणि जीटीजी लिहिणार का? पेपरात तेवढंच लिहा, गुण मिळतील. पण कारण तेवढंच आहे असं मानून इथून बाहेर पडू नका.

आता कामाचं बोलते. गुरुवारी अकरा वाजता आशाताई आणि आरोग्यसेविका परत येणार आहेत, पहिल्या वेळी जे आले नाहीत त्यांच्यासाठी. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटीची चाचणी, शंका आली तर पुढची तपासणी. सक्ती नाही. सक्तीचं काय होतं, ते आत्ताच सांगितलं. कोण गेलं आणि कोण नाही, हे मी विचारणार नाही. निकाल बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात मिळेल, कुठल्या फळ्यावर यादी लागणार नाही. अठरा पूर्ण नसतील त्यांनी संमतिपत्रावर पालकांची सही आणायची. जमलं तर आईबाप दोघांनाही घेऊन या, त्यांचीही तपासणी होईल. वडिलांना सोबत आणायचं कारण मी सांगितलं आहे.

ती उद्या येईल. तिच्या बाकावर ज्या बसत होत्या, त्या तिथेच बसतील. तिचं नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, हाक त्याच नावाने मारायची.

हे संमतिपत्रांचे कागद. पहिल्या बाकापासून मागे जाणार नाहीत. शेवटच्या बाकावर देते, तिथून पुढे येऊ द्या.